नळ्यानं पाजलेली मोटार

मोटारीच्या गिअरपेटीत तेल किती आहे हे बघायला माणसाचं एक बोट पुरतं. हे मला तळोद्याच्या जीपवाल्या सुरुपसिंगनं सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं आहे. फक्त त्या बोटाच्या मालकाला काका असू नये, त्याच्या घरात धाकट्या भावाचं लग्न निघालेलं असू नये, आणि मुलीकडच्या गावात दिवलीबाई तर मुळीच असू नये, एवढं सांगायचं तो विसरला.

माझ्याकडे हे सगळंच होतं.

दिवलीबाई ही कोरीटची. माझा धाकटा भाऊ मगन, त्याला ठरलेल्या मुलीची आत्या. लग्नाच्या पंगतीत बायका व्याह्यांना टोमणे मारणारी गाणी म्हणतात, त्यात तिचा हात धरणारं तापीच्या अल्याड-पल्याड कोणी नव्हतं. गळा असा, की पहाटे जात्यातून पडणारं ऊन ऊन पीठ. पण त्या पिठात खडे असत, आणि ते नेमके आपल्याच दाताखाली येत. एका व्याह्याचं धोतर पंगतीत पाटाच्या खिळ्याला अडकलं. तो उठला, धोतर बसून राहिलं. एवढंच झालं होतं. दिवलीबाईनं त्यावर एक कडवं रचलं. त्या गृहस्थानं पुढे विहीर बांधली, शाळेला जागा दिली, गावाचा सरपंच झाला. तरी नंदुरबारच्या बाजारात त्याचा नातू दिसला की लोक म्हणतात, "हाऊ खिळावालास्ना नातू ना रे भो?"

अशा बाईसमोर मी साखरपुड्याच्या दिवशी, पानाला चुना लावता लावता, म्हणून गेलो की आमचा नवरदेव बैलगाडीतून येणार नाही, मोटारीतून येईल.

दिवलीबाईनं सुपारी कातरायची थांबवली. "मोटारमा?"

"मोटारीत. माझ्या स्वतःच्या. आणि चालवणार मी."

"येवा मास्तर, येवा," ती गोड हसून म्हणाली. "गानं मन्हं तयार शे. निस्तं तुम्हनं नाव बसाडानं बाकी शे."

त्या क्षणापासून माझ्या आयुष्याला एकच ध्येय उरलं. लग्न नीट पार पडलं नाही तरी चालेल, पण गिरधर मास्तर हे नाव त्या गाण्यात जाता कामा नये. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. वृत्तं शिकवतो. नाव एकदा चालीत बसलं की ते कोणत्याही साबणानं निघत नाही, हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं.

मोटार मी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या एका बदलून गेलेल्या मॅनेजरकडून घेतलेली. रंग एकेकाळी हिरवा असावा. तिच्याबद्दल माझी तक्रार नव्हती, पण लग्न तोंडावर आलं आणि ती गिअर बदलताना हंबरायला लागली. कण्हणं नाही, खडखड नाही, चक्क हंबरणं. वासरू हरवलेल्या गायीसारखं. ऐकून गोठ्यातली खरी गाय तिला उत्तर द्यायची.

उखाबांनी, म्हणजे माझ्या काकांनी, ओसरीवरूनच निदान केलं. "भुकी शे ती, गिरधर."

"मोटारीला भूक नसते, बा."

"आवाजवरथीन समजस रे पोऱ्या. साठ वरीस जनावरं पोसात मी."

नेमका त्याच दिवशी सुरुपसिंग त्याची जीप घेऊन चहाला थांबला. डोळ्यांवर काळा चष्मा, खिशात पाना, आणि बोलण्यात असा तोरा की सातपुडा त्यानंच रचून ठेवला असावा. त्यानं मोटारीचा आवाज ऐकला आणि बशीतून चहा पीत निकाल दिला. "गिअरपेटीत तेल कमी आहे. पेटीच्या कुशीला चौकोनी डोक्याचं बूच असतं. ते काढा, बोट घाला. बोटाला तेल लागलं तर भरली, नाही लागलं तर उपाशी. मग तेल ओता. भोकातून बाहेर ओघळायला लागलं की बस्स, पोट भरलं. बूच लावा. पण गाडी सपाट जागेवर पाहिजे, हां मास्तर. एकदम सपाट."

उपाशी, पोट, भरलं. हे शब्द त्यानं सहज वापरले. पण शेजारी उखाबा बसले होते आणि ते मान डोलावत होते. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तेल कोणतं, यावर आमच्या गल्लीत दोन दिवस चर्चा चालली. घाणीवाला म्हणाला, करडईचं घाला, अंगी लागतं. वैद्यबुवांनी एरंडेल सुचवलं आणि वर पथ्यही सांगितलं. शिंपी म्हणाला, माझ्या मशीनला मी पिसानं तेल सोडतो, तुम्हीही पिसानंच सोडा, घाई करू नका. माझी बायको निर्मला एवढंच म्हणाली, "बैलगाडी सांगून ठेवू का?" संसारात असे प्रश्न उत्तरासाठी नसतात.

तळोद्याला एका सरकारी कचेरीत तेलाची पिंपं आहेत असं कळलं म्हणून मी रजा टाकून तिथे गेलो. भांडारावरच्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, तेल दिलं नाही. खासगी वाहनाला तेल हवं असेल तर आधी वाहन तपासणीला हजर करायला हवं, म्हणाले.

"तेल नाही म्हणून वाहन येत नाही," मी म्हणालो.

"वाहन आल्याशिवाय तेल नाही हे कसं कळणार?"

"मी सांगतोय ना."

"तुम्ही वाहन नाही, मास्तर," ते अत्यंत सौजन्यानं म्हणाले.

शेवटी नंदुरबारच्या पंपावर एक डबा मिळाला. काळपट, काकवीसारखं दाट तेल. तो डबा मांडीवर घेऊन मी बसमधून असा आलो, जशी पहिलटकरीण बाळ घेऊन माहेराहून येते.

आता सपाट जागा. आपण ज्या जमिनीवर जन्म काढला ती किती वाकडी आहे हे माणसाला मोटारीत तेल घालायची वेळ येईपर्यंत कळत नाही. मी परातीत पाणी घेऊन गावभर फिरलो. चावडीपुढे पाणी पूर्वेला कललं, शाळेपुढे पश्चिमेला, मारुतीपुढे तर परातीबाहेरच गेलं. अख्ख्या गावात पाणी जिथे स्थिर राहिलं अशी एकच जागा निघाली, ती म्हणजे उखाबांचं खळं. चोपून, सारवून, आरशासारखं केलेलं.

आणि खळ्यात कोणी पायात वहाण घालून जात नाही. तिथे लक्ष्मी उतरते. कलेक्टर आला तरी बूट बाहेर.

धनुकाकू, उखाबांच्या मंडळी, खळ्याच्या तोंडाशी पदर खोचून उभ्या राहिल्या. "मोटार आत येवाव नही."

"काकू, अहो, थोडा वेळ."

"येऊ दे. पन वहाना काढीसन."

"मोटारीच्या कसल्या वहाणा?"

काकूंनी टायरांकडे बोट दाखवलं. "या काय शेतस मंग?"

मी वाद घातला. टायर म्हणजे वहाण नव्हे, टायर म्हणजे पाय. काकू म्हणाल्या, पाय त धातूना शे, वर रबर चढायेल शे, मंग ती वहानच. निर्मलानंही त्यांचीच बाजू घेतली. शेवटी तडजोड म्हणून चारही टायर विहिरीच्या पाण्यानं धुतले, हळदकुंकू लावलं, आणि माणसांनी ढकलत मोटार अनवाणी मानून आत घेतली. मी मात्र खरोखर अनवाणी होतो, आणि सारवलेल्या जमिनीवर मोटारीखाली उताणा सरकलो.

बूच काढलं. बोट घातलं. बोट कोरडं.

"उपाशी!" मी खालून ओरडलो.

"मी काय सांगू ऱ्हायनू व्हतू!" उखाबा वरून.

पण तेल आत जाणार कसं? भोक कुशीला, डब्याचं तोंड वर. तेव्हा उखाबांनी गोठ्यातून बैलाला औषध पाजायचा बांबूचा नळा आणला. एक टोक तिरकं तासलेलं, बैलाच्या जिभेनं गुळगुळीत झालेलं. ते भोकात बसवलं, दुसऱ्या टोकातून उखाबांनी तेल ओतायला घेतलं. खरं सांगतो, तो क्षण सुंदर होता. दाट तेल नळ्यातून असं सरकत होतं जसं आईच्या तोंडून गोजिरं गाणं, आणि उखाबा नकळत मोटारीच्या दाराला थोपटत होते, "पी माय, पी."

मग भोकातून तेल ओघळलं. पहिला थेंब माझ्या डाव्या डोळ्यात पडला.

"बस्स! भरली! बूच लावा!" मी ओरडलो आणि आंधळ्यासारखा बाहेर सरपटलो. तेवढ्यात वाजंत्री लागली, मगनला हळद लावायची वेळ झाली, आणि थोरला भाऊ-भावजय हवेत म्हणून निर्मलानं मला ओढत नेलं. विहिरीवर डोळा धुतला, हळदीला बसलो. तेल माझ्या तोंडावर आधीच होतं, त्यामुळे काही बायकांनी चुकून मलाच हळद लावली.

खळ्यात मागे राहिले उखाबा, अर्धा डबा तेल, आणि त्यांचा साठ वर्षांचा अनुभव.

दुसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाड निघालं. पुढे मोटार, चालवायला मी, बाजूला बाशिंग बांधलेला मगन, मागे उखाबा. त्यामागे बैलगाड्या, त्यात निर्मला आणि बायका. मोटार हंबरत नव्हती. मी निर्मलाकडे वळून एकदा पाहिलंही. अशी नजर नवऱ्याला आयुष्यात एक-दोनदाच टाकायला मिळते.

नाल्याचा चढ आला. मोटार अर्ध्यावर गेली, थांबली, आणि सावकाश मागे येऊन पुन्हा नाल्यात बसली. मी पुन्हा जोर केला. इंजिन गर्जत होतं, चाकं ढिम्म. आणि मग वास सुटला. जळक्या तेलाचा, पण त्यात काहीतरी ओळखीचं.

"गुऱ्हाळ कुठे लागलंय?" मगन नाक वर करून म्हणाला.

मी हळूच मागे वळलो. उखाबा खिडकीतून आभाळ बघत होते.

"बा. काल मी गेल्यावर काय केलंत?"

"काईच नही."

"बा."

"आरे, ती थुकी दि ऱ्हायनी व्हती!" उखाबा उसळले. "तू गया तेल टाकीसन, ती बाहेर काढे. जनावर तोंडमाईन तेल बाहेर काढस म्हंजे पोट भरनं का? नखरा करस ते! मंग काय करतस? तोंड वर करतस, नाक दाबतस, आनि पाजतस. चार जनस्नी मोरलं, तोंडकडनं अंग उचलं, खाले ओंडका दिन्हा, आनि पाजं सगळं."

"सगळं?"

"सगळं. मंग भोकमा चिंधी कोंबी, वर बूच."

"आणि गूळ?"

उखाबा दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "निस्तं तेल कोन पेस रे? तूच पी पाहू. दोन खडा गूळ, चिमूटभर हळद. लगीनघरना जनावर शे ते."

सुरुपसिंगनं नंतर सांगितलं, जास्तीचं तेल पेटीत मावेना म्हणून क्लचवर उतरलं आणि क्लच साबणासारखा निसरडा झाला. पण नाल्यात बसलेल्या मला शास्त्र नको होतं, मला कोरीट दिसत होतं. तिथला मारुतीचा पार दिसत होता. आणि पारावर पदर सावरून गळा साफ करणारी दिवलीबाई दिसत होती.

मागच्या गाड्या येऊन थांबल्या. "दोन बैल जुपी टाका मोटारले," उखाबांनी तोडगा काढला. "लायक जोडी शे."

"नाही!" मी किंचाळलोच. बैलांनी ओढलेली मोटार म्हणजे दिवलीबाईच्या पुढ्यात वाढलेलं ताट. त्यापेक्षा मी भावाचं लग्न नाल्यात लावलं असतं.

रागाच्या भरात मी गिअरचा दांडा हवा तसा खेचला. तो मागच्या गिअरला पडला, आणि काय आश्चर्य! मोटारीनं हिसका दिला आणि मागे चालायला लागली. तेवढाच एक गिअर त्या निसरड्या क्लचमध्येही ओढण्याइतका दमदार निघाला. मग काय! सगळ्यांनी मिळून नाल्यातच मोटारीचं तोंड आमच्या गावाकडे फिरवलं, ढुंगण कोरीटकडे केलं, आणि आम्ही चढ चढलो. उलटे. तसेच पुढे निघालो. उलटे.

उलटी मोटार चालवताना मान अशी मुरडावी लागते की हनुवटी पाठीवर येते. माझा फेटा पहिल्या खड्ड्यात मगनच्या मांडीवर गेला. बैलगाड्या आमच्या शेजारून पुढे निघून गेल्या. एका बैलानं जाता जाता थांबून मोटारीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. त्या नजरेत कीव होती, आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

"दादा," मगन बाशिंगाआडून म्हणाला, "मी आपल्याच गावाकडं तोंड करून सासरी चाललोय."

"गप बस. दिसायला तर मोटारच आहे."

कोरीटच्या पारापाशी बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या. नवरीची आई तुळशीबाई सगळ्यांत पुढे. नाकापर्यंत पदर, त्यामुळे तिला फक्त जमीन आणि जमिनीपासून हातभर वरचं दिसत होतं. मोटार तिच्यापुढे थांबली. अर्थात जे अंग आधी पोचलं ते पुढ्यात आलं. तिथे मागच्या बाजूला जास्तीचं चाक टांगलेलं होतं, स्टेपनी. तुळशीबाईनं मनोभावे स्टेपनीला ओवाळलं, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, आणि तोंडात घालायला साखर पुढे केली.

"सासू, मी आठे शे!" मगन पुढच्या खिडकीतून हात हलवत ओरडला.

जो हशा झाला तो तापीपलीकडे गेला असणार. मी स्टीअरिंगच्या चाकामागे खाली वाकून राहिलो. पारावर दिवलीबाई हसत नव्हती. ती ओठ मिटून बोटांवर काहीतरी मोजत होती. मात्रा.

लग्न लागलं. पंगत बसली. आमच्याकडच्या बायकांनी तोवर खळ्यापासून नाल्यापर्यंतची सगळी हकीकत दिवलीबाईच्या कानावर घातली होती. शेवटी भात आला आणि बायकांच्या घोळक्यातून तो ऊन पिठासारखा गळा उमटला.

*मोटारले पाजं तेल, वर गूळना खडा,*
*उखाबाना हातमा बाई बैलना नळा.*

पंगत उसळली. उखाबा तर उठून उभे राहिले आणि नमस्कार करू लागले. मी मान खाली घातली. आता माझं.

*खळामा उनी मोटार, वहाना काढी दारी,*
*धनुबाई पुशे तिले, कोना घरनी पोरी?*

आता नक्की माझं.

*तुळशी मन्ही भावजय, पदरनी भारी,*
*स्टेपनीले जवाई करं, मगन ऱ्हायना दारी.*

आता तर...

गाणं संपलं. लोक पोट धरून हसत होते, मगनला चिमटे काढत होते, उखाबांना पुन्हा एकदा लाडू वाढत होते. नाल्यावरचं एक कडवं झालं होतं, त्या कीव करणाऱ्या बैलाचं एक झालं होतं. बैलाचं! माझं नाव कुठेच नव्हतं.

मी वाचलो होतो. हात धुतले, पान घेतलं, पारावर येऊन बसलो. आणि मनातल्या मनात हिशेब मांडायला लागलो. मोटार कोणाची? माझी. तेल कोणी आणलं? मी. कचेरीत अपमान कोणाचा झाला? डोळ्यात थेंब कोणाच्या पडला? मान कोणाची मुरडली? आणि कडवं बैलाला?

निर्मला बाजूला येऊन बसली. "सुटलात," ती म्हणाली.

"हो ना," मी म्हणालो. "सुटलोच."

"मग तोंड का असं?"

सकाळी पाठवणीच्या आधी मला राहवलं नाही. दिवलीबाई गोठ्याशी उभी होती. मी इकडचं तिकडचं बोललो, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, गाण्यात कोणी राहून तर गेलं नाही ना?

तिनं माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "तुम्हनं नाव काबरं टाकू मास्तर? तुम्ही करं काय? तेल पाजं उखाबानी. गूळ त्याना. खळं त्यानं. कंकू लायं मन्ही भावजयनी. तुम्ही निस्ती मोटार चालाडी." वळता वळता ती म्हणाली, "ती बी उलटी."

चाळीस मुलांच्या वर्गापुढे खडू मोडला तरी मी इतका ओशाळलो नव्हतो.

तेवढ्यात रडणं सुरू झालं. नवरी निघाली. तुम्ही पाठवण्या पाहिल्या असतील. गाडी निघते, मुलीचं तोंड सासरकडे, आणि ती मान वळवून वळवून मागे बघते. धूळ उडते, बैल वळतात, एवढंच पाहून होतं. बायकांच्या साऱ्या गाण्यांत ती मागे वळलेली मान असते.

आम्ही नवरीला मोटारीत पुढे बसवलं. शेजारी मगन, मागे उखाबा. मोटारीला अजून एकच गिअर होता. म्हणून तिचं तोंड कोरीटच्या पाराकडे करून उभी केली होती. मी मान मुरडली, दांडा खेचला, आणि मोटार मागे मागे निघाली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग रडणं हळूहळू थांबलं. नवरीला मान वळवावीच लागली नाही. तिच्यासमोर काच होती, काचेपलीकडे सगळं माहेर उभं होतं. आई, आत्या, पार, गोठा, निंब. कोणी पाठमोरं नव्हतं. ती बघत होती, आणि तुळशीबाईनं तर नाकापर्यंतचा पदर मागे टाकला होता. मोटार उलटी असल्यामुळे सावकाश चालली होती. मायलेकी एकमेकींकडे बघत बघत लांब होत होत्या. माझी नजर तेवढी सासरच्या वाटेवर होती, कारण कोणीतरी ठेवायलाच हवी होती.

मागून, म्हणजे खरं तर समोरून, दिवलीबाईचा गळा आला. कालचे खडे त्यात नव्हते. निस्तं ऊन पीठ.

*उलटीच हाक मोटार, गिरधर मास्तर भाऊ,*
*लेकले तिनी माय शिवलगून दे पाहू.*

मी शिवेपर्यंत मुद्दाम आणखी हळू चालवली. मागच्या बाकावर उखाबा नाक ओढत होते. "देखं ना," ते म्हणाले, "गूळ टाका म्हनीसन अशी गोड चालनी."

पुढे सुरुपसिंगनं पेटी धुऊन दिली, क्लच बदलला. मोटार आता सरळ, उत्तम चालते. याचा काहीही उपयोग नाही. पंचक्रोशीत लेकीची पाठवणी निघाली की मला निरोप येतो, मास्तर, शिवेपर्यंत तेवढी उलटी आणाल का? मी नाही म्हणत नाही. वैद्यबुवांनी मानेला एरंडेल चोळायला सांगितलं आहे, आणि उखाबा नळा घेऊन तयार आहेत.